अ‍ॅक्टिव्ह काढून पॅसिव्ह पिकअप बसवले: एका गिटारचं पूर्ण प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मित्राच्या गिटारचं. नाव नको घालूस म्हणाला, म्हणून इथे त्याला नुसतं 'मालक' म्हणतो. गिटार त्याची, पण सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात होतं, त्यामुळे यातल्या निम्म्या चुका माझ्या आहेत हे आधीच कबूल करून टाकतो.

गिटार साधी सरळ. महोगनीची बॉडी, ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज, मागे स्टॉप टेलपीस, दोन हंबकर (दोन कॉइलवाले पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडून त्याचा विजेचा सिग्नल करणारे भाग), एक व्हॉल्यूम, एक टोन आणि कुठला पिकअप वाजायचा ते निवडणारा तीन पोझिशनचा टॉगल. कंपनीतूनच ब्रिजला ईएमजी कंपनीचा ८१ आणि नेकला, म्हणजे मानेच्या बाजूला, ८५ बसवून आलेली, दोन्ही अ‍ॅक्टिव्ह. मागचं झाकण उघडलं की फोममध्ये गुंडाळलेली ९ व्होल्टची बॅटरी, आणि पिकअपच्या वायरी सगळ्या पिनवाल्या कनेक्टरच्या, खटकन काढा खटकन लावा. हा खटकनवाला प्रकार लक्षात ठेवा, पुढे त्यानेच आम्हाला फसवलं.

ज्यांना अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्हचा फरक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅसिव्ह पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, संपलं, बॅटरी नाही काही नाही. अ‍ॅक्टिव्हमध्ये वेढे कमी असतात, त्यामुळे कॉइलमधून सिग्नल बारीक निघतो, पण पिकअपच्या आतच छोटा प्रीअँप बसवलेला असतो तो त्याला उचलतो, आणि त्या प्रीअँपला जगवायला बॅटरी. यामुळे अ‍ॅक्टिव्हचं आउटपुट लो-इम्पिडन्स (इम्पिडन्स म्हणजे सिग्नलच्या वाटेतला विरोध) असतं आणि पॅसिव्हचं हाय. ही एकच ओळ नीट डोक्यात बसली असती तर आमचे बरेच दिवस वाचले असते, कारण पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा बदलता रेझिस्टर), जॅक, केबल, पेडल, ग्राउंड (सिग्नलच्या परतीची वायर), सगळं या एका फरकावरून ठरतं. आम्ही मात्र 'पिकअप बदलायचेत' असंच म्हणत राहिलो.

अडचण काय होती

मालक पूर्वी मेटल वाजवायचा. पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवणं), टाइट रिफ, भरपूर गेन, आणि त्यासाठी ८१ म्हणजे तयार मसाला, त्यात खोट काहीच नव्हती. पण गेल्या काही वर्षांत त्याचा हात बदलला. आता तो फझ लावतो (आवाज फाडून जाड करणारं पेडल), फझ फेस जातीचं, आणि त्याला हवं होतं ते असं की फझ कायम चालूच ठेवायचं आणि गिटारचा व्हॉल्यूम ४-५ वर आणला की आवाज स्वच्छ, काचेसारखा व्हावा, परत १० वर नेला की भडका. भल्याभल्यांनी असंच वाजवलंय.

अ‍ॅक्टिव्हवर हे होईना. व्हॉल्यूम कमी केला की आवाज नुसता लहान व्हायचा, पोत तोच. आणि फझ पूर्ण उघडं असताना तिखट, पत्र्यासारखं वाजायचं. यामागे साधं कारण आहे. या जातीच्या फझचा इनपुट इम्पिडन्स फार कमी असतो, तो पिकअपच्या कॉइललाच आपल्या सर्किटचा भाग करून घेतो. समोर हाय-इम्पिडन्सचा पॅसिव्ह पिकअप असेल तर दोघांचं एकमेकांवर ओझं पडतं, आणि ती सगळी जादू त्या ओझ्यातच आहे. समोर प्रीअँप आला की हे नातं तुटतं. म्हणजे गिटारही ठीक, फझही ठीक, फक्त जोडी जमत नव्हती.

मालकाची दुसरी तक्रार बॅटरीची. एकदा ऐन कार्यक्रमात आवाज फाटायला लागला आणि बॅटरी संपलेली निघाली. यावर माझं त्याच्याशी वाजलं होतं, कारण ८१ साठी कंपनी एका पिकअपला ३००० तासांच्या आसपास आयुष्य सांगते, दोन पिकअप एकाच बॅटरीवर म्हणजे निम्मं धरा, तरी तो रोज एक तास वाजवणारा माणूस. वर्षानुवर्षं बदललीच नव्हती बॅटरी! शिवाय वाजवून झालं की केबल जॅकमध्येच खोचून ठेवायची सवय, आणि या गिटारींमध्ये केबल आत म्हणजे बॅटरी चालू. तेव्हा बॅटरीचं कारण मी तरी यादीतून खोडलं होतं. फझचं कारण मात्र खरं होतं.

कोणकोणते पर्याय पाहिले

पहिला आणि फुकटचा: पिकअप तारांपासून खाली घेणं. केलं, थोडं मऊ वाजलं, फझवर शून्य फरक.

दुसरा पर्याय १८ व्होल्टचा. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या की प्रीअँपला हेडरूम जास्त मिळतो, जोरात छेडलं तरी सिग्नल लवकर दबत नाही. ईएमजी २७ व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे धोका नाही. हा प्रयोग आम्ही खरंच आठवडाभर केला आणि अजूनही म्हणतो की ज्यांना फक्त 'क्लीन आवाज जरा मोकळा हवाय' त्यांनी हे करून थांबावं, कारण क्लीनवर फरक चांगला कळत होता. फझपुढे मात्र जैसे थे.

तिसरा, कमी कॉम्प्रेस होणारे दुसरे अ‍ॅक्टिव्ह. यावर फार वेळ घालवला नाही, प्रीअँप आला की फझची अडचण आलीच.

चौथा होता ब्रिजला ८१ तसाच ठेवायचा आणि फक्त नेकला पॅसिव्ह. मालकाला हा फार आवडला होता, 'दोन्ही हातात लाडू' म्हणे. पण अ‍ॅक्टिव्हला २५ के (किलोओहम) चे पॉट लागतात आणि पॅसिव्ह हंबकरला ५०० के चे, आणि या गिटारला व्हॉल्यूम एकच! पॉट २५ के ठेवला तर पॅसिव्हचा गळा दाबला जातो. ५०० के घातला तर अ‍ॅक्टिव्हचा व्हॉल्यूम स्विचसारखा वागतो, वरच्या टोकाला काहीच नाही आणि खाली एकदम सगळं. टॉगल मधे ठेवला तर लो-इम्पिडन्सवाला पिकअप दुसऱ्याला खाऊन टाकतो. दोन वेगळे व्हॉल्यूम असते तर निदान विचार केला असता, पॅसिव्हसाठी आत छोटा प्रीअँप घालायचाही मार्ग आहे, पण मग परत बॅटरी आणि परत तेच फझ. सोडून दिलं.

पाचवा पर्याय दुसरी गिटार घेणं. यावर मालकाने माझ्याकडे असं पाहिलं की विषय तिथेच संपला. त्याला याच गिटारची मान हातात बसलेली.

राहिला सहावा: सगळंच पॅसिव्ह. ब्रिजला सेमूर डंकन कंपनीचा जेबी आणि नेकला त्यांचाच फिफ्टीनाइन, जोडी जुनी आणि ओळखीची. आकाराचं टेन्शन नव्हतं कारण ८१ आणि ८५ साध्या हंबकरच्याच मापाचे. सात-आठ तारांच्या गिटारींमध्ये अ‍ॅक्टिव्ह बरेचदा मोठ्या साबणवडी आकारात येतात, तिथे साधा पॅसिव्ह बसत नाही आणि त्या मापाचा शोधावा लागतो. आणखी एक, ८१ च्या आत अखंड पट्टीचं चुंबक असतं, त्यामुळे तार कुठूनही गेली तरी चालतं, पण बहुतेक पॅसिव्हमध्ये प्रत्येक तारेखाली वेगळा स्क्रू किंवा खांब असतो. फ्लॉइड रोझसारखा ब्रिज असेल तर तारा जरा लांब-लांब असतात आणि ब्रिजचा पिकअप रुंद खांबांचा घ्यावा लागतो. आमच्याकडे ट्यून-ओ-मॅटिक, साधाच चालला.

काय केलं, आणि पहिली चूक

'पॉट जुनेच चालतील ना रे?' हा मालकाचा पहिला प्रश्न. नाही चालत. ५०० के चे दोन लॉग पॉट, टोनसाठी ०.०२२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, मोनो जॅक, थोडी शिल्डेड वायर आणि चिकटवणारा गोंदही करंट वाहून नेतो तशी तांब्याची टेप, एवढं आणलं. (जॅक खरं तर बदलला नसता तरी चाललं असतं. जुना स्टिरिओ असतो कारण मधली रिंग बॅटरी चालू-बंद करायला वापरतात. टिप (टोक) आणि स्लीव्हलाच (बुडाचा, ग्राउंडचा भाग) वायर लावली की तो मोनोसारखा चालतो. फक्त चुकून हॉट, म्हणजे सिग्नलची, वायर रिंगला लागली की आवाज गुल.) टॉगल जुनाच ठेवला.

जुना संच काढताना एक शहाणपण केलं. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि पॉट, कनेक्टर, बॅटरी क्लिपसकट सगळं न तोडता एका पिशवीत भरून ठेवलं. पिनवाला प्रकार असल्याने कात्री लागलीच नाही. पण त्याच खटकन प्रकारामुळे मालकाच्या डोक्यात बसलेलं की नवीनही असंच खटकन होणार, एका दुपारचं काम. प्रत्यक्षात कंट्रोल कॅव्हिटी पूर्ण रिकामी करून शून्यापासून वायरिंग करायचं होतं.

कॅव्हिटीला आतून तांब्याची टेप लावली, झाकणाच्या आतल्या बाजूलाही, कडेला दोन्ही एकमेकांना टेकतील अशी, आणि मल्टिमीटरच्या बीपने तपासलं की सगळी टेप एकसंध आहे. अ‍ॅक्टिव्हमध्ये याची फार गरज पडत नाही, ते आतूनच शिल्ड केलेले असतात.

मग वायरिंग. दोन्ही पिकअप चार-कंडक्टरचे, म्हणजे प्रत्येकातून चार रंगांच्या वायरी आणि एक उघडी शिल्डची तार. मालक फोनवर रंगांचा तक्ता बघून ओरडत होता आणि मी डाग देत होतो. 'लाल हॉट. काळा-पांढरा एकत्र करून टेप मार. हिरवा आणि उघडी ग्राउंडला.' मी तसं केलं, दोन्ही पिकअपना. पॉटच्या पाठीवर ग्राउंडचा डाग देताना घाम निघाला, कारण आयर्न बारीक होतं आणि पॉटचा पत्रा उष्णता खाऊन टाकतो, डाग चमकदार न बसता दाणेदार बसत होता, दोनदा काढून परत दिला.

झाकण लावायच्या आधी केबल जॅकमध्ये घातली, दुसऱ्या टोकाला मीटर लावला, टॉगल ब्रिजवर, व्हॉल्यूम पूर्ण. रीडिंग आलं ८.१ के. मी म्हटलं, हंबकर आहे, आठ के म्हणजे बरोबर. स्क्रूड्रायव्हरने दोन्ही पिकअपवर टकटक केलं, अँपमधून टक् टक् आलं. झाकण बंद!

आता मागे वळून पाहिलं तर हाच सगळ्यात महागात पडलेला क्षण. आठ के हे कुठल्यातरी हंबकरसाठी बरोबर आहे, जेबीसाठी नाही. जेबी साधारण १६.४ के चा असतो. आणि नेकचं रीडिंग तर मी घेतलंच नाही, कारण ब्रिजचं बरोबर आलं ना, मग झालं.

दोन आठवडे गुंईं

तारा चढवल्या, अँप चालू केला. फझवर आवाज बरा, व्हॉल्यूम खाली घेतल्यावर स्वच्छही होत होता, मालक खूश. पण हम, म्हणजे नको असलेली गुणगुण! वाजवायचं थांबलं की मागे गुंईं, सोबत खरखर. आणि आवाजही अपेक्षेपेक्षा किरटा, जेबी म्हटल्यावर जो मधला भरदारपणा येतो तो कुठेच नाही.

इथे आम्ही दोघांनी आपली समजूत काढली. 'पॅसिव्हला हम असतोच.' बँडमधल्या दुसऱ्या गिटारवाल्यालाही विचारलं, तोही तेच म्हणाला, इतकी वर्षं अ‍ॅक्टिव्हच्या शांततेत राहिलास म्हणून तुला जास्त वाटतंय. वाक्य खरंच आहे, म्हणूनच घात झाला. अर्धवट खरं कारण मिळालं की माणूस शोधायचं थांबतो, आम्ही दोन आठवडे थांबलो. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं यंत्र) लावला, थ्रेशोल्ड, म्हणजे ती पातळी, वर नेला, नोटांची शेपटं कापली जायला लागली, मालक वैतागला आणि ८१ परत लाव म्हणाला.

पहिला धागा मिळाला तो योगायोगाने. साध्या पॅसिव्ह गिटारवर तारांना हात लावला की खरखर कमी होते, कारण तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि आपलं शरीरही मग त्याच ग्राउंडला जातं. या गिटारवर तारांना हात लावला की खरखर उलट वाढायची. मीटर लावला, एक टोक टेलपीसला, एक जॅकच्या स्लीव्हला. बीप नाही. म्हणजे स्ट्रिंग ग्राउंडची वायरच नव्हती!

आणि नसणारच होती. ईएमजीला स्ट्रिंग ग्राउंडची गरज लागत नाही, उलट त्यांच्या सूचनांमध्ये ती वायर जोडू नका असंच असतं. त्यामागे सुरक्षेचंही कारण आहे, अँपचं किंवा माइकचं अर्थिंग बिघडलेलं असेल तर ग्राउंड केलेल्या तारा आणि माइक यांच्यामध्ये वाजवणाऱ्याला शॉक बसू शकतो. (तेव्हा स्ट्रिंग ग्राउंड जोडणार असाल तर आधी अँपच्या प्लगचं अर्थिंग धड आहे का बघा, यात चेष्टा नाही.) गिटार कंपनीतूनच अ‍ॅक्टिव्ह आलेली असल्याने तिथे वायरच काय, वायर न्यायला भोकही पाडलेलं नव्हतं.

लाकडात भोक

ट्रेमोलोवाली गिटार असती तर हे पाच मिनिटांचं काम होतं, मागे स्प्रिंग अडकवतात त्या पत्र्याला एक वायर डागली की झालं. इथे टेलपीसचे दोन स्टड, प्रत्येक स्टडखाली लाकडात ठोकलेलं धातूचं बुशिंग, आणि कंट्रोल कॅव्हिटीपासून तिथपर्यंत सलग लाकूड. मालकाने विचारलं, तांब्याची पट्टी वरून चिकटवली तर? चालली असती, पण दिसली असती आणि घामाने कधीतरी उखडली असती. बराच वेळ नुसतं गिटारकडे बघत बसलो होतो, कारण चुकीच्या कोनात ड्रिल गेलं तर ते वरच्या चकचकीत पृष्ठभागातून बाहेर येणार, आणि मग मैत्री संपणार.

बुशिंग काढायची एक जुनी युक्ती आहे ती वापरली. कॅव्हिटीच्या बाजूचा स्टड काढायचा, बुशिंगच्या भोकात तळाशी एक छोटा स्क्रूचा तुकडा टाकायचा आणि स्टड परत पिळायचा. स्टड तळाच्या तुकड्याला टेकतो, आणखी खाली जायला जागा नसते, मग पिळेल तसं बुशिंगच वर यायला लागतं. त्याआधी बुशिंगच्या कडेने लॅकरला ब्लेडने हलकी चीर दिली, नाहीतर निघताना रंगाची टवकी उडते. पाव वळसा, थांबा, बघा, पुन्हा पाव वळसा. आतून करकर आवाज येत होता आणि प्रत्येक करकरीला मालक 'बास, बास' म्हणत होता.

बुशिंग निघाल्यावर त्या भोकाची खोली मोजली, कॅव्हिटीच्या भिंतीवर तितक्याच खोलीला, खरं तर दोन मिलिमीटर जास्तच, पेन्सिलची खूण केली, ३ मिलिमीटरच्या लांब ड्रिल बिटला अंतर मोजून टेप गुंडाळली म्हणजे किती आत गेलो ते कळावं, आणि हळूहळू. टेपच्या थोडं आधीच बिट मोकळं फिरायला लागलं आणि स्टडच्या भोकात लाल भुसा दिसला. तो भुसा बघून आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसलो. वायर आत सरकवली, टोकाचं दोन बोटं इन्सुलेशन सोलून ते भोकाच्या भिंतीला वळवून ठेवलं आणि बुशिंग वरून लाकडी ठोकळा ठेवून परत ठोकलं. बुशिंग आणि लाकूड यांच्यामध्ये तार चेपून बसते, डाग लागत नाही. दुसरं टोक व्हॉल्यूम पॉटच्या पाठीला. मीटर: बीप.

खरखर गेली. तारांना हात लावला की आता एकदम शांत व्हायचं, म्हणजे जवळपास. कारण गुंईं राहिलंच होतं.

ट्यूब पेटली

इथे खरखर आणि गुंईं हे दोन वेगळे आजार आहेत हे आम्हाला उशिरा कळलं. खरखर, म्हणजे तो बारीक तीक्ष्ण बझ, आजूबाजूच्या वायरिंगचा आणि लाइटचा, तो शिल्डिंग आणि ग्राउंडने जातो. गुंईं म्हणजे जाड, खालच्या पट्टीतला, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा. त्याला तांब्याची टेप अडवू शकत नाही. त्याला मारायला हंबकरच लागतो, दोन कॉइल उलट गुंडाळीच्या आणि उलट ध्रुवांच्या, हम एकमेकांत वजा होतो आणि तारेचा आवाज बेरजेत येतो. सेथ लव्हरने गिब्सनमध्ये १९५५ साली पेटंटचा अर्ज केला तो याच गोष्टीचा.

मालक गिटार गळ्यात घालून अँपसमोर गोल फिरला, नुसताच, कंटाळा म्हणून. एका बाजूला तोंड केलं की गुंईं मोठं, नव्वद अंशात वळलं की जवळजवळ गायब. हे सिंगल कॉइलचं लक्षण! धड चालणारा हंबकर दिशेप्रमाणे इतका बदलत नाही.

झाकण परत उघडलं. मीटर. ब्रिज ८.१ के, तेच. नेक: ३.७ के. तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. फिफ्टीनाइन साडेसात के च्या आसपास असायला हवा. दोन्ही पिकअप बरोबर निम्मे दाखवत होते, म्हणजे दोन्हीकडे एक-एकच कॉइल चालू होती.

तक्ता परत काढला. तो डिमार्झिओच्या रंगांचा होता. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळा-पांढरा एकत्र, हिरवा ग्राउंड. डंकनमध्ये काळा हॉट, लाल-पांढरा एकत्र, हिरवा आणि उघडी तार ग्राउंड. रंग तेच चार, अर्थ वेगळे. डंकनचे काळा आणि पांढरा ही एकाच कॉइलची दोन टोकं, ती आम्ही एकमेकांना जोडून टेप मारून ठेवली होती, म्हणजे ती कॉइल आपल्या आपल्यात गोल फिरत बसलेली, सर्किटमध्ये नाहीच. लाल ते हिरवा ही दुसरी कॉइल, तेवढीच वाजत होती. आवाज येत होता, टकटक येत होतं, फझ स्वच्छ होत होतं, म्हणून शंकाच आली नाही. किरटा आवाज, हम, निम्मं रीडिंग, तिन्ही गोष्टी एकच सांगत होत्या आणि आम्ही तिन्हींना तीन वेगळी कारणं दिली होती.

चार डाग बदलायला दहा मिनिटं लागली. मग केबलच्या टोकाला रीडिंग: ब्रिज १५.९, नेक ७.४, टॉगल मधे ५.१. ब्रिज १६.४ न दिसता १५.९ दिसतो कारण ५०० के चा व्हॉल्यूम पॉट पिकअपला समांतर असतो, ते हिशेबाने बरोबर बसतं. मधल्या पोझिशनला दोन्ही समांतर म्हणून त्याहून कमी.

निकाल

गुंईं गेलं. पूर्ण नाही, भरपूर गेनवर ८१ जितका शांत असतो तितका हा नाहीच, नॉइज गेट अजून आहे पण थ्रेशोल्ड खाली आलाय. जेबीचा मधला भरदारपणा आला. फझ चालू ठेवून व्हॉल्यूम ४ वर आणला की जे हवं होतं ते मिळतं, आणि त्या क्षणी मालकाचा चेहरा बघण्यासारखा होता.

पण दोन-तीन गोष्टी नंतर निस्तराव्या लागल्या. पिकअपची उंची आधी ८१ सारखीच, तारांच्या अगदी जवळ ठेवली होती. ८१ चं चुंबक तारांना फार ओढत नाही म्हणून तिथे चालतं, पॅसिव्हने जाड तारांवर वरच्या फ्रेटला सूर हलायला लागला, जणू दोन सूर एकमेकांवर घासतायत. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून खालून अंतर मोजलं, जाड तारेकडे अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेकडे दीडच्या वर केलं, मग बरं झालं.

दुसरं केबल. स्टेजवर तो ९ मीटरची केबल वापरायचा, अ‍ॅक्टिव्हला त्याचं काही वाटत नाही. पॅसिव्हला केबलची कॅपॅसिटन्स थेट भिडते, प्रत्येक मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा, आणि लांबी वाढली की वरचा उजेड जातो. अँपमधला ट्रेबल वाढवून भागेना. शेवटी छोटी केबल, फझ सगळ्यात पहिलं, आणि फझच्या मागे एक बफर (हाय-इम्पिडन्स सिग्नल लो करणारं छोटं सर्किट). बफर फझच्या आधी लावायचा नाही, नाहीतर परत तेच अ‍ॅक्टिव्हचं रडगाणं.

व्हॉल्यूमला ट्रेबल ब्लीडही (व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाजाचा वरचा उजेड टिकवणारी जोडणी) लावून पाहिलं, १५० के चा रेझिस्टर आणि ०.००१ मायक्रोफॅरड. क्लीन अँपवर छान, फझपुढे तिखट. काढून टाकलं.

आणि गंमत म्हणून शेवटी एकदा मालकाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकलं, जेबीच्या पुढे क्रोकोडाइल क्लिपने जुना २५ के चा पॉट लावला. सर्दीने नाक चोंदलेल्या माणसाने गायल्यासारखा आवाज. अशा आवाजावर 'नवीन पिकअप बोगस निघाले' म्हणून विकून टाकणारे लोक नक्की असतील.

गेलं काय तर बँडच्या दोन जुन्या गाण्यांमधला तो घट्ट, कापल्यासारखा पाम म्यूट. तो जेबीवर तसा येत नाही, खालची बाजू जरा सैल राहते. मालक म्हणतो चालेल. मला विचाराल तर त्या दोन गाण्यांत मला अजून ८१ ची आठवण येते.

पुन्हा करायचं झालं तर

पिकअप विकत घ्यायच्याही आधी मीटर टेलपीसला आणि जॅकच्या स्लीव्हला लावून पाहीन. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि बीप आला नाही तर भोक पाडायची तयारी आहे का हे मालकाला तेव्हाच विचारता येतं. आमच्या मालकाने तेव्हा कदाचित नाहीच म्हटलं असतं, आणि त्यात काही चूक नव्हती.

नवीन पिकअप डब्यातून काढला की डाग द्यायच्या आधी रंगांच्या जोड्या स्वतः मोजीन. कुठल्या दोन वायरींमध्ये कॉइल आहे हे मीटर लगेच सांगतो, डंकनमध्ये काळा-पांढऱ्यात एक आणि लाल-हिरव्यात एक. तक्ता चुकीचा असेल तर तिथेच पकडला जातो. एवढं मात्र की फेज, म्हणजे दोन पिकअपचे सिग्नल एकाच दिशेने हलतात की उलट, हे मीटरच्या या रीडिंगवरून कळत नाही, दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप असतील तर टॉगल मधे ठेवून कानानेच तपासायचं, पातळ आणि पोकळ वाजलं तर एका पिकअपचा हॉट आणि ग्राउंड अदलाबदल. शिल्डची उघडी तार मात्र ग्राउंडलाच ठेवायची.

१८ व्होल्टचा आठवडा परत करीन. वाया गेला असं मालक म्हणतो, मला पटत नाही. त्या आठवड्यामुळेच कळलं की त्रास हेडरूमचा नाही, फझचा आहे. एक बाकी आहे, फझवाल्या गाण्यांपुरती एक साधी पॅसिव्ह गिटार कुणाकडून महिनाभर उसनी आणून बघायला हवी होती. ते सुचलंच नाही, आम्हाला आयर्न तापवायची घाई.

आता झाकणाच्या आतल्या बाजूला मास्किंग टेपवर पेनाने लिहून ठेवलंय: काळा हॉट, लाल-पांढरा एकत्र, १५.९ / ७.४ / ५.१. बॅटरीच्या जागी मालकाने दोन जास्तीचे पिक फोममध्ये गुंडाळून ठेवलेत. त्यातला एक परवा निसटला आणि गिटार हलवली की आत खुडखुड वाजायला लागलं, मालकाचा घाबराघुबरा फोन, 'अरे, डाग सुटला वाटतं!'